बंदी नेहमी लहान जाळ्यालाच का?

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात मागं समुद्रातल्या अभयारण्यांवर मोठा लेख आला होता. फोटो लय भारी होते, प्रवाळ काय, कासवं काय, रंगीत मासे काय, पण अख्ख्या लेखात मासे धरणारा माणूस एकदाच आला आणि तो पण 'स्थानिकांच्या विरोधामुळे काम रखडले' एवढ्या अर्ध्या ओळीत. तो विरोध कामून करायलाय, त्याचं काय जातंय, त्याला कुणी विचारलं का, याच्यावर एक शब्द नाही. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कापायचं असेल तर कापा पण कायद्याचा भाग आणि नाथसागराचा, म्हणजे आमच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाचा, भाग तेवढा राहू द्या ही विनंती.

आता कुणी म्हणेल पैठणच्या माणसाला समुद्राचं काय पडलंय, इथून कोकण म्हणजे रात्रभराचा प्रवास. माझं मासळीचं दुकान आहे, नाथसागराचा माल आणि बर्फातून येणारा समुद्राचा माल दोन्ही विकतो, आणि बाजाराच्या दिवशी सुकट-बोंबील पण ठेवतो, त्यामुळं तिकडं काय बंद झालं काय चालू झालं ते आमच्या काट्यावर लगेच कळतं. पण खरं कारण ते नाही. खरं कारण हे की आम्ही स्वतः अभयारण्याच्या काठावर राहतो आणि आपल्या मराठवाड्यातल्या बऱ्याच लोकांना हे माहीतच नसतं. जायकवाडीचं धरण १९७६ ला पूर्ण झालं आणि १९८६ ला अख्खा जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, साधारण ३४१ चौरस किलोमीटर. मालवणचं समुद्री अभयारण्य, ज्याच्यावर एवढी वर्षं भांडण चालू आहे, ते आहे जेमतेम २९ चौरस किलोमीटर. म्हणजे आमचं जवळपास बारापट मोठं. आणि या पाण्यावर भोई, कहार आणि धरणात जमिनी गेलेल्या गावांतली बाकीची कितीतरी माणसं थर्माकोलच्या तराफ्यावर, ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळी टाकतात. एक खातं म्हणतं परवाना घ्या आणि मासे धरा, दुसरं म्हणतं इथं अभयारण्य आहे, पक्ष्यांना त्रास होतो, जाळी गुंडाळा. मधल्यामध्ये माणूस. त्यामुळं मालवणचा मच्छीमार काय म्हणतोय ते आम्हाला न सांगता कळतं.

तर आधी मालवणचं सांगतो. ते अभयारण्य १३ एप्रिल १९८७ ला जाहीर झालं. तीन चौरस किलोमीटरच्या थोडं वर गाभा, बाकीचं बफर म्हणजे गाभ्याभोवतीचा पट्टा. गाभ्यात सिंधुदुर्ग किल्ला आला, पद्मगड आला, भोवतालचे पाण्यातले खडक आले. पूर्वेची हद्द किनाऱ्याला धरून मोरयाच्या धोंड्याच्या बाजूनं जाते, म्हणजे जिथं किल्ल्याचं भूमिपूजन झालं असं सांगतात ती जागा. सांगायचा मुद्दा हा की ही काही दूर समुद्रातली निर्मनुष्य जागा नाही, हे लोकांच्या दारातलं पाणी आहे. घरातून बाहेर पडलं की अभयारण्य. आणि तिथं पिढ्यान्‌पिढ्या चालणारी मासेमारी म्हणजे रापण. आपल्याकडं ही पद्धत नाही म्हणून सांगतो, होडीनं समुद्रात अर्धगोल जाळं टाकत जायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि मग दोन्ही बाजूनं माणसं लागून ओढायचं. पोरं, म्हातारे, कुणी पण दोराला हात लावला की त्याचा वाटा. बांगडा, तारली, पेडवे असा मासा येतो. आता रापणीचं असं आहे की तिला किनारा लागतो, ती खोल पाण्यात नेता येत नाही. त्यामुळं किनाऱ्यालगतचं पाणी बंद केलं तर ट्रॉलरवाल्याला नुसता वळसा पडतो पण रापणीला कुलूपच लागतं. नकाशावर एकच रेघ, पण दोघांना लागते वेगवेगळी. हे जो अधिकारी रेघ ओढतो त्याला दिसत नसेल असं मला वाटत नाही, विचारायला कुणी बसत नाही एवढंच.

आणि मजा म्हणजे एवढं होऊन अभयारण्य तरी नीट झालं का? नाही. जाहीर होऊन आता चाळीस वर्षं होत आली, कागदावर अभयारण्य आणि पाण्यात सगळं चालूच. प्रवाळावर नांगर पडतात, डायव्हिंगला आलेले पर्यटक प्रवाळावर पाय देतात, बाहेरचे मोठे ट्रॉलर रात्रीतून जवळ येऊन जातात. लोकांवर मात्र टांगती तलवार कायम, की आज नाही तर उद्या हे कायदा लावतील. म्हणजे माशाचं पण भलं नाही आणि माणसाचं पण नाही. लेखात 'विरोधामुळे रखडले' लिहिलंय, मी म्हणतो आधी न विचारता केलं म्हणून रखडलं.

आता कायद्याचं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात १९९१ ला दुरुस्ती होऊन कलम २६ अ आलं, त्यात समुद्राबद्दल स्पष्ट लिहिलंय की किनाऱ्यालगतचा समुद्र अभयारण्यात घ्यायचा असेल तर राज्य सरकारला केंद्राची आधी संमती पाहिजे, आणि हद्द ठरवायची ती नौदलाच्या समुद्र-नकाशे करणाऱ्या मुख्य अधिकाऱ्याशी सल्लामसलत करून आणि तिथल्या मच्छीमारांच्या धंद्याचं हित सांभाळायची पुरेशी सोय करून मगच. हे मी मनानं सांगत नाही, कायद्यात आहे. 'सोय करून मगच', म्हणजे आधी सोय, मग रेघ. पण तारखा बघा. कच्छच्या आखातातलं समुद्री अभयारण्य १९८० चं आणि राष्ट्रीय उद्यान १९८२ चं, देशातलं पहिलं. तमिळनाडूतलं मन्नारच्या आखातातलं, एकवीस बेटांचं, १९८६ चं. मालवण १९८७ चं. तिन्ही मोठी क्षेत्रं हे वाक्य कायद्यात यायच्या आधीच जाहीर होऊन बसलेली. म्हणजे औषध आलं तोवर पेशंट घरी गेलेला. ओडिशातलं गहिरमाथा १९९७ चं, ते नंतरचं, १४३५ चौरस किलोमीटर, ऑलिव्ह रिडले कासवांसाठी. तिथं १ नोव्हेंबर ते ३१ मे असे सात महिने मासेमारी बंद असते. सात महिने! कासवं वाचली पाहिजेत याच्यात वाद नाही, हजारोंनी अंडी घालायला येतात ती जगात फार थोड्या ठिकाणी. पण सात महिने होडी उलटी घालून ठेवणाऱ्या घरात चूल कशी पेटते त्याची सोय रेघ ओढायच्या आधी झाली होती का, हा प्रश्न केंद्रपाड्याचे मच्छीमार अजून विचारायलेत.

आणि एक गोष्ट, ही मला वाचताना फार लागली. 'मच्छीमारांच्या धंद्याचं हित' हे वाक्य कायद्यात फक्त समुद्रासाठी आहे. धरणासाठी, नदीसाठी, तलावासाठी तसं वाक्य नाही. म्हणजे मालवणचा माणूस निदान कलम काढून दाखवू शकतो, नाथसागरावरच्या भोयाकडं ते पण नाही. वनहक्क कायदा २००६ चा आहे, त्यात पाण्यातल्या माशांवरच्या सामूहिक हक्काचा उल्लेख आहे, पण आदिवासी नसलेल्या माणसाला तीन पिढ्या म्हणजे पंच्याहत्तर वर्षांचा पुरावा मागतात, आणि आमचं धरणच पन्नास वर्षांचं. आधी नदी होती, नदीत पण मासे धरत होतेच की, पण डोहातल्या मासेमारीची नोंद कुठल्या सातबाऱ्यावर असते सांगा. मराठवाड्यातल्या आमदार-खासदारांनी हा प्रश्न कधी सभागृहात मांडलेला माझ्या तरी वाचनात नाही, पाणी किती टीएमसी एवढ्यावरच आमचं राजकारण संपतं.

बरं, बंदी सगळ्यांना सारखी असती तरी माणूस गप बसला असता. तशी ती नसते. कच्छचं घ्या. तिथं ओहोटीला चिखलात पायी जाऊन जाळी लावणारे मच्छीमार आहेत, त्यांना पगडिया म्हणतात. होडी नाही, इंजिन नाही, पायी. त्यांच्यावर अभयारण्याचे नियम. आणि त्याच अभयारण्यातून तेलाची पाइपलाइन टाकायचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, एस्सार ऑइल विरुद्ध हालार उत्कर्ष समिती, २००४ चा निकाल, आणि पाइपलाइनला वाट मिळाली. कोर्टानं कायदा बघूनच दिला असेल, माझं कोर्टाशी काही म्हणणं नाही. पण जामनगरच्या चिखलात उभ्या असलेल्या माणसाला यातून काय समजायचं? की प्रवाळाला माझ्या पायाचा धोका आहे, पाइपचा नाही.

पालघरला बघा. वाढवण बंदर, ७६ हजार कोटींच्या वरचा प्रकल्प, ऑगस्ट २०२४ ला भूमिपूजन झालं, समुद्रात भराव टाकून हजारो एकर जागा तयार करायची. तिथले मच्छीमार कितीतरी वर्षं सांगायलेत की हा खडकाळ पट्टा म्हणजे मासळीची वीण होणारी जागा आहे. आता कुणी पर्यावरणाचा अभ्यासक उठून उद्या बाजूच्या समुद्रात राखीव क्षेत्र करा म्हणाला तर तिथला माणूस काय म्हणेल? आमचं अर्धं पाणी बंदराला आणि उरलेलं अर्धं माशांना, आम्ही कुठं जायचं. राखीव क्षेत्राला होणाऱ्या विरोधातला निम्मा विरोध हा माशांना वाचवायला नसतोच साहेब, तो या हिशेबाला असतो.

आणि आता आमच्या दारातलं. नाथसागरावर तरंगते सोलर पॅनल बसवायचा प्रकल्प आला, टीएचडीसी या सरकारी कंपनीचा. त्याच्या विरोधात कहार समाज पंचायत समिती हरित लवादात गेली, सप्टेंबर २०२४ ला लवादानं अर्ज फेटाळला, मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं पण ऐकलं नाही. मी सोलरच्या विरोधात नाही, माझ्याच दुकानाच्या डीप फ्रीजरचं बिल बघितलं तर मला सोलर आवडायलाच पाहिजे. पण गणित बघा ना, तंगूस म्हणजे नायलॉनच्या बारीक धाग्याच्या जाळ्यात पक्षी अडकतो म्हणून तराफेवाल्याला हाकला (अडकतो, खरंय ते, मी नाकारत नाही) आणि त्याच पाण्यावर पॅनलची चादर घातली तर मात्र ते हरित ऊर्जेचं काम. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, पट्टकादंब येतात हिमालयापलीकडून, त्यांना उथळ पाणी आणि मोकळा काठ लागतो. तो काठ गाळपेऱ्यात, म्हणजे पाणी हटलेल्या जमिनीवरच्या शेतीत जातो, शेकडो मोटारींनी पाणी उपसलं जातं, उन्हाळ्यात धरण मृतसाठ्यात गेलं की काय उरतं ते सगळ्यांनी बघितलंय. यातलं सगळ्यात सोपं काय थांबवायला? तराफा. कारण तराफ्याला वकील नसतो.

आता दुसरी बाजू पण लिहितो, नाहीतर वाचणारे म्हणतील मासळीवाला आहे, बंदीच्या विरोधातच बोलणार. तसं नाही. जागा राखून ठेवल्यानं मासा वाढतो हे खरंच आहे आणि त्याचं कारण पण साधं आहे. मोठी मादी लहान मादीपेक्षा कितीतरी जास्त अंडी देते, नुसतं वजनाच्या हिशेबात नाही, त्याच्यापेक्षा जास्त. जिथं जाळं लागत नाही तिथं मासा मोठा होतो, अंडी-पिल्लं प्रवाहाबरोबर बाहेर जातात, मोठे मासे पण हद्द ओलांडून बाहेर येतात आणि बाहेरच्या जाळ्यात सापडतात. मेक्सिकोत काबो पुल्मो म्हणून गाव आहे, तिथं १९९५ ला समुद्रात राष्ट्रीय उद्यान झालं. १९९९ ते २००९ या दहा वर्षांत तिथल्या माशांचं एकूण वजन ४६३ टक्क्यांनी वाढलं असं शास्त्रज्ञांनी मोजून प्रसिद्ध केलं. भारीच आहे हे. पण यातली मेख अशी की ते उद्यान गावातल्या मासेमारी करणाऱ्या कुटुंबांनीच मागून घेतलं होतं. सरकारी कागदात फक्त एका भागात पूर्ण बंदी होती, गावकऱ्यांनी मात्र बाकीच्या भागात पण स्वतःहून जाळी टाकली नाहीत. फिलिपिन्सच्या आपो बेटावर १९८० च्या दशकात असंच झालं, विद्यापीठातले लोक आले, गावात बसले, बोलले, आणि गावानं किनाऱ्याचा छोटा तुकडा स्वतः बंद केला, राखण पण गावच करतं. आता या दोन गोष्टींची उदाहरणं प्रत्येक सेमिनारला देतात, माशाचा आकडा सांगतात आणि गावानं मागितलं होतं हे गाळतात.

आणखी एक, प्रत्येक माशाला राखीव क्षेत्राचा सारखा फायदा होत नाही. खडकात, प्रवाळात राहणारा मासा, गोब्रा, तांबोशी असा, तो जागा सोडून फार लांब जात नाही, त्याला छोटं राखीव क्षेत्र पण चालतं. बांगडा, तारली हे थव्यानं फिरणारे, आज इथं तर उद्या पन्नास मैलावर. त्यांना २९ चौरस किलोमीटरची हद्द म्हणजे काहीच नाही. तर मग रापणकराला जर म्हणायलात की तुझ्या फायद्यासाठीच बंद करतोय, तर तो हसेल, कारण त्याचा मासा त्या हद्दीत थांबतच नाही. त्याच्या माशाला धोका आहे तो बाहेर पर्ससीनवाल्याकडून, जो अख्खा थवा एकदम वेढून उचलतो, आणि एलईडी लाइट लावून मासा गोळा करणाऱ्याकडून. राज्यानं फेब्रुवारी २०१६ ला पर्ससीनला चार महिन्यांची मुदत घालून दिली, सप्टेंबर ते डिसेंबर, केंद्रानं २०१७ ला एलईडी मासेमारीवर बंदी घातली, २०२१ ला राज्यानं कायदा बदलून दंड वाढवला. सिंधुदुर्गातल्या पारंपरिक मच्छीमारांनी या सगळ्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली आहेत. म्हणजे बंदी मागणारे तेच आहेत! त्यांना बंदीविरोधी कसं काय म्हणता?

आणि हे काही आत्ताचं नाही. पावसाळ्यात मासा अंड्यावर असतो, समुद्र खवळलेला असतो, म्हणून नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर काढून ठेवायच्या ही पद्धत कोळ्यांची आहे, सरकारच्या १ जून ते ३१ जुलैच्या बंदीच्या कितीतरी आधीची. उलट सरकारी बंदी ३१ जुलैला उठते, कधी कधी नारळी पौर्णिमा त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी असते, आणि तोवर थांबा म्हणणारे जुने लोक अजून आहेत. पापलेटला सप्टेंबर २०२३ ला राज्यमासा केलं, त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांची कमीत कमी लांबी ठरवून दिली, त्याच्यापेक्षा लहान धरायचा नाही. सातपाटीचे लोक लहान पापलेट धरू नका म्हणून आधीपासूनच ओरडत होते. मन्नारच्या आखातात समुद्रात बुडी मारून शेवाळ गोळा करणाऱ्या बायका आहेत, त्यांनी पण महिन्यातले ठराविक दिवसच काढायचं असं आपसात ठरवून घेतलं. आमच्याकडं पण जाणती माणसं सांगतात की बोटभर मासा पाण्यात सोडा, बारीक आसाचं म्हणजे बारीक भोकांचं जाळं नको. ऐकतात का सगळे? नाही ऐकत. बारीक आसाची जाळी टाकणारे आमच्यात पण आहेत आणि त्यांना कुणी अडवत नाही म्हणून ते आहेत. बरं नाथसागरात कटला, राहू, मिरगल हे मासे थांबलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं, म्हणून बीज सोडावंच लागतं, आणि सोडलेलं बीज बोटभर असतानाच निघालं तर वर्षाचं नुकसान. चिलापी तेवढी न सोडता वाढते. तर या पाण्यात कुठली खाडी, कुठला कोपरा किती महिने बंद ठेवायचा, हे इथल्या माणसाला विचारलं तर तो अर्ध्या तासात काडीनं मातीत काढून दाखवेल. पक्षी कुठं बसतात ते पण दाखवेल, रोज पहाटे तोच तर असतो तिथं.

पैशाचं पण बोलायला पाहिजे. बंदीच्या काळात मदत म्हणून प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत बचत आणि मदत असा प्रकार आहे. मच्छीमारानं स्वतःचे १५०० भरायचे, सरकारचे ३०००, मिळून ४५०० होतात ते तीन महिन्यात १५०० प्रमाणे परत द्यायचे. महिन्याला पंधराशे, त्यातले पाचशे त्याचेच. आता पंधराशेत काय येतं ते तुमच्या वाचकांनी आपापल्या किराणाच्या यादीवरून बघावं. याच्यापेक्षा एक चांगली गोष्ट राज्यानं केली, २०१८ च्या शेवटी, की जाळ्यात कासव किंवा व्हेल शार्क असा संरक्षित जीव आला आणि मच्छीमारानं जाळं कापून सोडून दिला तर जाळ्याची भरपाई, २५ हजारापर्यंत. साधी गोष्ट आहे, पण ती चालली, लोक जीव सोडायला लागले. गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कच्या बाबतीत तसंच, आधी शिकार व्हायची, २००१ ला त्याला कायद्यात वाघाच्या रांगेत बसवला, जाळ्याचे पैसे द्यायला सुरुवात केली, आता तेच मच्छीमार त्याला व्हाली म्हणजे लाडकी म्हणून सोडून देतात. म्हणजे माणसाला चोर न धरता भागीदार धरलं की काम होतं. हे आमच्या पक्ष्यांच्या बाबतीत का नाही? जाळ्यातला पक्षी जिवंत सोडला, जाळं फाटलं, त्याचे पैसे द्या. बघा किती पक्षी सुटतात ते.

पर्यटनाचं गाजर दाखवतात, ते पण अर्धं खरं. वेंगुर्ल्याला बचत गटाच्या बायका खारफुटीतून होडीनं पर्यटक फिरवतात, रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला कासव महोत्सवाला लोकांच्या घरात पाहुणे राहतात, ते चांगलंच आहे, पैसा गावात राहतो. पण सगळीकडं तसं होत नाही. जिथं बाहेरचा माणूस येऊन स्कूबाचं दुकान टाकतो, रिसॉर्ट टाकतो, तिथं मच्छीमाराचं पोरगं सीझनला सिलिंडर उचलायच्या नोकरीवर राहतं. आमच्या नाथसागरावर तर तेवढं पण नाही, पक्षी बघायला डिसेंबर-जानेवारीत दुर्बिणी घेऊन लोक येतात, चहा पण शहरातून थर्मासमध्ये आणतात. (राग मानू नका, भली माणसं असतात.)

आता हे सगळं आत्ता लिहायचं कारण असं की डिसेंबर २०२२ ला माँट्रियलला जगातल्या देशांनी ठरवलं की २०३० पर्यंत जमीन आणि समुद्र दोन्हीचा ३० टक्के भाग राखायचा. भारत पण त्यात आहे. म्हणजे पुढच्या काही वर्षांत नकाशावर भराभर रेघा पडणार, टार्गेट पूर्ण करायचं म्हणून पडणार, आणि टार्गेटच्या घाईत विचारायला कुणाला वेळ नसतो हे आपण प्रत्येक योजनेत बघितलंय. कायद्यात २००२ च्या दुरुस्तीनं संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून प्रकार आहे, त्यात आधी लोकांशी बोलावं लागतं आणि व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीचे प्रतिनिधी असतात. तमिळनाडूनं २०२२ ला पाल्कच्या उपसागरात डुगाँग म्हणजे समुद्रगायीसाठी ४४८ चौरस किलोमीटर याच प्रकारात घेतलं. तिथं सगळं गोड चाललंय असं मी म्हणत नाही, पण निदान कायद्यातला दरवाजा तरी तो निवडला. मालवणचा प्रश्न तसा सुटेल का, कोकणातल्या लोकांनीच सांगावं. माझं म्हणणं, रेघ ओढायच्या आधी त्या पाण्यात कुठल्या गावची जाळी कुठल्या महिन्यात लागतात याचा नकाशा पाहिजे, मराठीत, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, आणि त्याच पाण्यावर पुढं पॅनल येणार का, बंदर येणार का, पाइप जाणार का ते पण त्याच कागदावर आधी लिहिलेलं पाहिजे.

एप्रिल २०२५ ला राज्यानं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला, चांगलं झालं. शेतकऱ्याची जमीन घेताना निदान नोटीस येते, मोजणी होते, हरकत घ्यायला तारीख मिळते. मच्छीमाराला पण तेवढं द्या. आणि नाथसागराचं अभयारण्य, मासेमारी आणि सोलर यावर संबंधित खात्यांनी एकत्र बसून लोकांशी बोलायचं ठरवलं, तर ती बैठक शहरात एसी हॉलमध्ये नको, पैठणला नाहीतर काठावरच्या एखाद्या गावात घ्या. आणि दुपारी घ्या, कारण सकाळी जाळी काढायची असतात आणि संध्याकाळी टाकायची असतात.

आपला,
एक मासळी विक्रेता, पैठण